साडेपाच तास

भोसरीच्या एमआयडीसीत
आमचं कॉम्प्रेसरचं खोकं सकाळी सहाला जागं होतं
आणि तीनशे वेळांतून एकदा
नोंद करतं : साडेबारा. रात्रीचे.
बाहेर पहिली पाळी फाटकातून आत येत असते,
कोपरात हेल्मेट, हातात डबा,
आणि खोकं ग्रिनिचला झोपलेलं.

तांबोळी म्हणाला, घड्याळाची बॅटरी गेली असेल.
बदलली. तेच.
मग मी मध्ये एक छापायची ओळ टाकली,
कोण कधी जातंय ते दिसावं म्हणून,
तर दोन दिवस सगळं शहाण्यासारखं.
ओळ काढली, पुन्हा साडेबारा.
कुणी बघतंय म्हटलं की सभ्य होणारा
असा एक मामेभाऊ आहे मला.

तिसऱ्या रात्री लायब्ररीच्या पोटात उतरले,
त्या जुन्या, कंपनीनेच कातरून घेतलेल्या सी-च्या,
जिच्यावर सगळे उभे आणि जिला कुणी उघडत नाही.
तिथे सरळच लिहिलेलं :
झेंडा आधी वर,
तक्ता नंतर भरायचा.
मध्ये पापणीलाही न कळणारी फट.
त्या फटीत दुसरा थ्रेड आला,
झेंडा पाहिला, विश्वास ठेवला,
रिकाम्या तक्त्यातून शून्य उचललं
आणि कामाला गेला.
त्याची काय चूक?

वर टीप : इथे एकदाच येणं होतं. ग. वि. पो., त्र्याण्णव.
खोटं नव्हते लिहीत ते.
घरात एकटा माणूस
न्हाणीघराची कडी लावत नाही.

कँटीनच्या कौसल्यामावशी
‘पोहे तयार’ची पाटी फोडणीआधीच लावतात,
त्यावरून पहिल्या पाळीशी रोजचं भांडण.
अकरा वर्षं ऐकतेय मी ते,
आणि हे कळायला तीन रात्री.

ओळींची अदलाबदल केली. कडी बसवली.
प्रोसेसरलाही बजावलं, क्रम मोडायचा नाही,
तो हुशारी करतो नको तिथे.
मग खोकं बंद, चालू, बंद, चालू,
तांबोळी फरशीवर खडूने रेघा ओढत बसला.
भिंतीवरचं घड्याळ आणि खोकं :
जुळलं. जुळलं. जुळलं.
चारशे.
“नाही येत आता,” तो म्हणाला, हात झटकत.

मी काही बोलले नाही.
चारशे एकाव्यांदा बटण दाबलं तेव्हा
खिडकीतून दिसलं,
पोह्यांची पाटी लागली होती.
वास नव्हता अजून.