हंडीपेज

पणजोबा सिद्राम सातपुते त्याला हंडीपेज म्हणत.
साहेबाच्या कंपनीचं नाव तसंच काहीतरी होतं;
भुकेल्या कानाला त्यात हंडी ऐकू आली, आणि पेज.

कराचीच्या छावणीत, मोठ्या लढाईच्या शेवटाला,
खोगिरं शिवायला म्हणून नेलं होतं त्यांना.
मग कोणीतरी त्यांची बोटं पाहिली
आणि आरी काढून घेऊन हातात लांब सुई दिली.

"दोन इंजनं. पंखावर पंख, माडीवर माडी.
मधी तारा ताणलेल्या.
रातच्याला पंख मागं दुमडून तंबूत शिरायचं,
खुराड्यात कोंबडी जाती तसं."

पंखाला जवसाचं कापड,
वर पिकल्या केळ्याच्या वासाचं रोगण.
फासळीवरून टाका, दर चार बोटांवर गाठ:
एक तुटला तरी शेजारचा उसवू नये.

उसाच्या बेण्याबद्दल बोलावं तसे सांगत:
पहिल्या वाणाला पुढं काचेची खोली होती, पत्र्याचं चिलखत.
जड झालं, काढलं.
दुसऱ्यानं तेलाच्या टाक्या इंजनामागनं पोटात घेतल्या.

पोटात आणखी काय, ते त्यांनी एकदाच पाहिलं.
पोळ्यासारखी घरं,
घराघरात एकेक बाँब, नाक वर करून टांगलेला.
विमान सरहद्दीकडं गेलं, पहाटे रिकामं आलं.
पंखाला सात भोकं,
टाका एकही उसवला नव्हता.
हवालदारानं पाठ थोपटली.
त्या दिवशी छावणीत खरोखरची पेज होती.
ती ते प्यायले की नाही, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

तिसरं वाण लढाई संपल्यावरचं.
त्याच पोटात वेताच्या खुर्च्या, खिडकीला पडदा.
मिस्त्री म्हणाला, बस की सिद्राम.
बसले. वीण चांगली होती खुर्चीची.
पाय मात्र सगळा वेळ वर धरले होते.

कोल्हापूरला परतले ते लोकांच्या पायांकडं.
कापशी, पुकरी, बक्कलनाळी; आमचीही वाणं आहेत,
आणि प्रत्येकाच्या तळाला तेव्हापासून
दर चार बोटांवर गाठ.

उजळाईवाडीचं विमान दुकानावरून जातं,
एकमजली, बिनटाक्याचं.
गेल्या महिन्यात इचलकरंजीचा एकजण जोड परत घेऊन आला.
म्हणाला, टाचेखाली काहीतरी टोचतंय.
मी गाठ बघितली. नीट होती.
हातोडीनं जरा ठोकून दिली.