तिसरा रकाना

जुन्या सीबीएसवरून सव्वासहाची गाडी.
मांडीवर दहावी-बच्या एकोणचाळीस वह्या,
जानोरी येईस्तोवर निम्म्या तपासून होतात.
दर आठवड्याला चाळीस अवघड शब्द,
वहीत तीन रकाने: शब्द, अर्थ, वाक्य.
पहिले दोन फळ्यावरून उतरतात,
तिसरा गाईडमधून.
म्हणून मोहाडीच्या शाळेत
एकोणचाळीस राजे एकाच दिवशी उदार होतात
आणि एकोणचाळीस वाघ एकाच वेळी हिंस्र.

सुगंधा भोयेचा तिसरा रकाना कोरा.
"गाईड नाही?"
"नाही सर. मनातलं लिहू का?"
मी घड्याळाकडे बघत म्हणालो, लिही.

तिच्या घरी कोकणा बोलतात,
वर्गात मराठी, माझ्या तासाला ही तिसरी.
सुरगाण्याकडचं कुटुंब,
ऑक्टोबर छाटणीला उतरलेलं,
बागेवरच्या पत्र्याच्या खोलीत राहतं.

दुसऱ्या दिवशी वही आली.
इंग्रजी जरा लंगडं, पण चालणारं.
मेटिक्युलस: माझी आई मेटिक्युलस आहे,
घडात किती मणी ठेवायचे ते तिची बोटं मोजतात.
अँबिग्युअस: मुकादम अँबिग्युअस आहे,
पैसे शनिवारी देतो म्हणतो,
कुठल्या शनिवारी ते सांगत नाही.
मी बसमध्ये एकटाच हसलो,
कंडक्टरने वळून पाहिलं.

कॅनोपी हा शब्द मी फळ्यावर लिहिला
आणि अर्थ सांगायला खडू फिरवला, तर ती म्हणाली,
"सर, तो आईला येतो. सबकेन पण येतो.
डिपिंग, थिनिंग, क्रॅकिंग, सगळं येतं.
फक्त लिहिता येत नाही."

डिसेंबरात एकदा गेलो बागेत,
पालकसभेला आई येत नव्हती म्हणून.
हिराबाई मांडवाखाली, मान वर, हात वर,
घडातून हिरवे मणी खुडत होत्या.
पायाशी मण्यांचा सडा.
"एवढे टाकता?"
त्यांनी मान खाली केली नाही.
"समदे ठेवले तर एकबी फुगत नाही, मास्तर."

येताना चपलेला मणी चिकटले होते.
सोमवारपासून चाळीसचे बारा केले.
मुख्याध्यापकांनी विचारलं, बोर्डाला हे पुरेल?
मी म्हणालो, विरळणी चालू आहे.
ते शहरातले. त्यांना वाटलं, मला ताप आहे.

बारांत एक होता फ्रुगल.
अर्थ: काटकसरी.
सुगंधा उभी राहिली.
"जवळ असून जपून वापरतो, तो फ्रुगल ना सर?"
"हो."
"मग ज्याच्याजवळ नसतंच, तो?"

वर्ग गप्प. बाहेर ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप.
शब्द मला येत होता.
तो आम्ही पहिल्या यत्तांतच उरकतो,
चार अक्षरांचा, चित्रासकट:
फाटका सदरा, हातात वाडगा.
अवघड शब्दांच्या कुठल्याच यादीत तो येत नाही.
आणि तिच्या आईच्या हातात वाडगा नव्हता.
मी म्हणालो, "बघून सांगतो."

बघून सांगतो.
वीस वर्षं नोकरी झाली,
हे वाक्य मी फार स्वच्छ बोलतो.

शनिवारी वह्या गोळा झाल्या.
ढकांब्याच्या फाट्यापुढे तिची निघाली.
बारापैकी अकरा शब्दांना आई, भाऊ, मुकादम,
खोलीवरचा पत्रा, थंडीत फुटणारे ओठ.
बारावा रिलक्टंट.
समोर तिच्या बारीक, उजवीकडे झुकत्या अक्षरात:

सर रिलक्टंट आहेत.
त्यांना उत्तर माहीत आहे.

व्याकरण तपासलं. चूक नव्हती.
म्हसरूळच्या गतिरोधकावर गाडी उडाली,
तेव्हा लाल पेन कागदावर टेकलेलंच होतं.
बरोबरची खूण जरा वाकडी आलीय.
ती तशीच ठेवली.