मष्णूची उखळी

उद्यमबागेत, फौंड्रीच्या कॅन्टीनमध्ये
पेपर एकच, हात अठरा.
माझ्या वाट्याला आलं ते परदेशाचं पान:
देशाचा नकाशा तळहाताएवढा,
शेजारी क्षेपणास्त्राचा फोटो, नकाशाहून लांब.
बसू कमतगी, नवा पोरगा, पावात भजी दाबत म्हणाला,
"खायला नाही म्हणतात तिथं. मग हे कशाला करूलालेत?"

मी त्याला मष्णू घाडीचं सांगितलं.

आमच्या गावात, खानापूरच्या अंगाला,
पाणंदीच्या दीड हातावरून मष्णूला वाळीत टाकलं.
गिरणीत त्याचा डबा आधी शेवटी, मग नाहीच.
विहिरीवरचा दोर काढून घेतला.
मीठ हवं तर चालत नंदगडला.
वरच्या आळीचा देमाणी तेवढा
रात्री परड्यातून पीठ सरकवायचा.
मायेनं नव्हे. मष्णू उठून गेला असता
तर पंचांचं कुंपण थेट देमाणीच्या दाराशी आलं असतं.

मष्णूच्या आधी नागोजी होता वाळीत.
नागोजीनं ऐकलं पंचांचं.
कुत्रं दिलं, कोयता दिला,
देवळात नाक घासलं, वर पेढे वाटले.
दुसऱ्या शिमग्याला त्याच्या घराची कौलं
तीन गोठ्यांवर दिसली.
एक गोठा आमचा.
हे मष्णूनं बघितलं होतं.
बाकी त्याला कुणी काही शिकवलं नाही.

मग त्याच्या छपरात रात्रीची ठोकाठोक सुरू झाली.
तो माझ्याच पाळीला, साचे भरायचा;
बिडाचे तुकडे जेवणाच्या डब्यात तळाला घालून न्यायचा.
काय करतोय कुणालाच माहीत नव्हतं,
म्हणून प्रत्येकाला माहीत होतं.
कुणी म्हणालं तोफ. कुणी म्हणालं नुसता आवाज.
पंच तांदळाचं पोतं घेऊन गेले: थांबव.
थांबला. पावसाळाभर थांबला.
दुसऱ्या महिन्यात पोतं अर्धं आलं,
तिसऱ्यात आलंच नाही,
आणि घण पुन्हा.
कोण आधी फिरलं यावर अजून वाद आहे;
देवळाच्या कट्ट्यावर दोन्ही बाजूंचे साक्षीदार बसतात,
एकाच पानाच्या डब्यातलं खातात.

त्या वर्षी त्याच्या शेवंतीच्या वाटीतली पेज
इतकी पातळ झाली
की तळाला कोरलेलं तिच्या आईचं नाव वाचता यायचं.
बीड विकलं असतं तर महिन्याचं पीठ.
नाही विकलं.

एका पहाटे माळावर त्यानं ती उडवली.
जत्रेतली उखळी, फक्त चौपट.
कावळे उठले ते दुपारपर्यंत बसले नाहीत.
देवळाच्या भिंतीला केसाएवढी चीर गेली,
तिच्यात बोट घालून बघायला गाव लोटलं.
त्या दिवसापासून तो मष्णूराव.
गिरणीत त्याचा डबा पहिला.
वरच्या आळीनं बंदूक घेतली,
ते ऐकून खालच्या आळीनं दोन,
आणि पीठ सरकवणारा देमाणीसुद्धा
दाराला आतून अडसर लावू लागला.

त्याच्या अंगणात बसायला मात्र कुणी गेलं नाही.
तो छपरातच निजतो, उखळीला पाठ लावून.
दारू दमट होऊ नये म्हणून
गोधडी तिच्यावर, स्वतः उघडा.

बसू ऐकत होता. भजी संपली होती.
"मग तुम्ही गेलाय काय कधी त्याच्याकडं?
उखळीच्या आधी? नुसतं चहाला?"

भोंगा झाला.
मी पेपरची घडी घातली, नकाशा आत गेला.
भट्टी तापलीय, ओतायची वेळ कुणासाठी थांबत नाही,
असं काहीतरी म्हणालो,
आणि हातमोजे शोधत राहिलो.
हातातच होते.