रुमालाखाली

मगदूम बाईंनी मापाला हात वर केले नि म्हणाल्या,
कंबर इथे नाही चंपा, वर. छातीच्या बरोबर खाली.
बाई, तिथे कुणाची कंबर असते?
दोनशे वर्षांपूर्वी असायची, म्हणाल्या.

इरकलीचा झगा मी कधी शिवला नव्हता.
काठ घेरात घेतला. पदर कापताना
कात्री दोनदा खाली ठेवली.

दर गुरुवारी विश्रामबागेत, बाईंच्या वरच्या खोलीत
त्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या मोठ्याने वाचतात.
नसीम बागवान औषधाच्या दुकानातून सुटून येते,
तिला नायकांची पत्रं पाठ, वीजबिलाची तारीख नाही.
कुंतल आरवाडे विमा विकते,
प्रत्येक प्रकरणाला विचारते, पण इस्टेट जाणार कुणाकडे?
आणि श्रीवर्धन चौगुले, द्राक्षांच्या खोक्यांचा हिशेबनीस,
एकटाच पुरुष.
त्या गोष्टींतही म्हणे पुरुष कमीच पडतात,
लढाईवर गेलेले असतात.
आपले पुण्याला असतात.

भेटीला आलं की तबकात कार्ड ठेवायचं,
स्वतः आलात तर कोपरा दुमडायचा.
नसीमने ती गोळ्यांच्या खोक्यांतून कापलीत,
पुढे वळणदार नाव,
मागे ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’.

चिनी मातीच्या बशीत भडंग, चमच्याने.
ओळख करून दिल्याशिवाय बोलायचं नाही.
(आपल्याकडे ओळख निघेपर्यंत सोडत नाहीत:
तुम्ही कवठ्याचे? मग सोसायटीतले आण्णा तुमचे कोण?)

मी विचारलं, ते पंख्याने खुणा करायचे, ते कसं?
बाई चिडल्या. ती नंतरची थेरं,
पंखे विकणाऱ्यांनी काढलेली.

मला हातांची एक भाषा येते, म्हटलं नाही.
बाप हळदीच्या पेठेत दलाल.
वर रुमाल, खाली दोन हात,
कितवं बोट, कुठलं पेर,
वरती चेहरे देवळातल्यासारखे.
संध्याकाळी आमच्या ताटातही त्याची बोटं पिवळीच.
माझं लग्न त्यानेच ठरवलं.
रुमाल नव्हता एवढंच.
मी आत उशांचे अभ्रे शिवत होते.

एका गुरुवारी मी घेर दुमडत होते,
बाई माझ्यासाठी मराठीत सांगत होत्या:
मुलगा चांगला, घर, बाग, वर्षाचं उत्पन्न,
आणि मुलगी नाही म्हणते.
सुई थांबली. मग? मारलं?
नाही गं. मावशीने आठवडाभर अबोला धरला.
आठवडाभरच?
पुढचं मी ऐकलं नाही. टाके मात्र
त्या जागी फार बारीक आलेत.

पौषात कार्यालय अर्ध्या भाड्यात मिळतं.
मिरजेचा सिकंदर, एरवी तंबोरे जुळवतो,
व्हायोलिन घेऊन आला, आणि कितीही सांगा,
प्रत्येक नाचाच्या शेवटी तिहाई घ्यायचा.
मी सुईदोरा घेऊन कडेला, कुणाचा घेर उसवला तर.

एक जोडी कमी पडली.
श्रीवर्धन माझ्यासमोर येऊन उभा. वाकला.
बोलेना.
अरे, माझ्या मशीनवर बसून भडंग खातोस,
काकी काकी करतोस, आता काय झालं?
तो तसाच, कान लाल.
तेव्हा मगदूम बाई खोली ओलांडून आल्या,
पासष्टाव्या वर्षी, त्या उंच कमरेत, ताठ:
श्रीयुत चौगुले, ह्या श्रीमती चंपावती माळवदे.

रेशनकार्डाबाहेर ते नाव
मी पहिल्यांदा ऐकलं.

त्याने हात पुढे केला. हातमोजा माझाच शिवलेला,
अंगठ्यापाशी एक टाका सुटलेला.
मी हात दिला आणि सवयीने
वाट पाहिली,
कुठलं बोट दाबतो, किती पेरं.

एकही नाही.

डावीकडे, कुंतल ओरडली,
काकी, डावीकडे!