दोन मार्कांचा शब्द

सहावीचा इंग्रजीचा पेपर, प्रश्न तिसरा, ब.
पुढील शब्दांचे अर्थ मराठीत लिहा.
लाईन. मार्क दोन.
उत्तरसूचीत माझ्यापाशी रेषा आहे, रांग आहे,
आणि लाल पेन.

मेघना कुबल लिहिते,
लाईन म्हणजे सोसायटीच्या डिझेलची.
पप्पा पहाटे चारला कॅन ठेवून येतात,
मग कॅन उभा राहतो आणि पप्पा झोपतात.

तुळाजी मेथरने दोनच शब्द लिहिलेत,
आजोबांचं बोट.
ते बोट मी पाहिलंय.
तंगूस धरून धरून तर्जनीच्या पेरावर पडलेली खाच.
वीस वाव खाली पाण्यात कोण चावतंय
ते आधी त्या खाचेला कळतं,
मग आजोबांना.

एकाने लिहून खोडलंय: मारतात ती.
खोडलेलं स्वच्छ वाचता येतंय,
म्हणजे खोडायचं नव्हतंच.

शुभ्रा आडकरला पुरवणी लागली.
बाई, तिकाटण्यावर दुर्बीण घेऊन माणसं आली,
आमच्या न्हाणीच्या भिंतीवर लाल फुली मारून म्हणाली,
भरतीची लाईन इथून जाते.
आई म्हणाली, मगे भरतीक जावन सांगा.
आता आम्ही भांडी लाईनीच्या अलीकडे घासतो
आणि आंघोळ पलीकडे करतो.

(माझ्या भावालाही घरचे म्हणायचे, लाईनीक लाग.
लागला तो. पणजीला, रात्रपाळी.
आईने फोन केला की म्हणतो, लाईनवर राहा हां जरा,
आणि आई राहते,
कानाला फोन, हातात अर्धी सोललेली कोळंबी.)

उरलेल्या अठरा जणांचं एकच उत्तर:
लाईन म्हणजे जी जाते ती.
कॉपी नाही ही. वायरीत राहणाऱ्या कुणालाही विचारा.
आमच्याकडे लाईन कुणी आखत नाही,
ती जाते.
वारा सुटला की, तारेवर झावळ पडलं की,
कधी काहीच नसताना,
माहेरी निघाल्यासारखी उठून.
दिले दोन-दोन मार्क. सूचीत नसले तरी.

गठ्ठ्यात शेवटी इनास बस्त्याव लोबो.

लाईन म्हणजे जी परत येते.

एवढंच.

बस्त्याव, वायरीचा वायरमन.
या विनोदाला सगळे हसायचे, आधी तो स्वतः.
कंत्राटी. हातमोजा एकाच हाताचा,
दुसरा साहेबांकडे मागितलेला.
नाताळाला तेरा दिवस होते.
पोफळीच्या बागेकडच्या खांबाखाली उभा राहून
त्याने फोनवर विचारलं, बंद आसा मां?
बंद आसा, तिकडून म्हणाले.
तेव्हा खरंच बंद होती.
मग तिकडची पाळी बदलली,
नवीन माणसाला एक खटका खाली दिसला.

घराघरात एकदम पंखे फिरले.
कुठे मिक्सर, कुठे अर्धवट राहिलेली बातमी.
आणि सगळी वाडी नेहमीसारखी ओरडली,
इली! इली!

मीसुद्धा.

आत्ता रात्रीचे साडेनऊ, दिवा लागलेला आहे.
मी पेन उघडून बसले आहे
आणि उत्तर सोडून अक्षर बघते आहे.
इंग्रजी अक्षरं ओळीवर बसतात,
पाय पसरून, पडवीत बसावं तशी.
आपली ओळीला लटकतात,
हे मीच शिकवलंय या पोरांना, पहिलीत.
डोकं ओळीला टेकवा रे, सुटं ठेवू नका.

इनासची लटकत नाहीत.
वरच्या ओळीपासून बोटभर खाली
एकेक अक्षर उभं आहे,
तिला हात न लावता.