नववी चाल

डिचोलीत, मामाच्या झेरॉक्स दुकानामागच्या खोलीत
दोन महिने खपून मी नकाशा केला.
एक बेट, चार गढ्या, मधे खाजन,
आणि नवव्या चालीला
उत्तरेच्या कांदळवनातून तीनशे घोडेस्वार.
चिखलातून घोडे! तेव्हा हसू नाही आलं मला.

इनास सतरा वेळा हरला.
शिव्या नाहीत. माऊस अलगद ठेवला, विचारलं,
"हे येणार, असं मला कुठे सांगितलंस?"
मी म्हटलं, कठीण आहे, कठीणच असायला हवं.
"कठीण नाय रे. लपवलेलं."

मग चार दिवस बोलणं नाही.

रविवारी नार्व्याच्या फेरीबोटीत
धुकं एवढं, की पलीकडचं दिवाडी गायब.
पाण्यात मात्र ओळीने रोवलेल्या काठ्या,
शेवटच्या काठीला फाटका निळा शर्ट:
इथून पुढे गाळ.
कुणी रोवल्या, ठाऊक नाही.
गाळ काही उपसला नव्हता त्याने.

रात्री घोड्यांच्या होड्या केल्या.
माणसं तीनशेच ठेवली, एकही कमी नाही.
फक्त सातव्या चालीला
कांदळवनावरून बगळे उठवले,
आठव्याला, भरतीबरोबर, वाहत आलेलं एक वल्हं.

इनास पुन्हा हरला. दोनदा.
तिसऱ्यांदा हरून स्क्रीनकडे बघत राहिला,
मग कपाळावर हात मारला:
"बगळे! अरे, बगळे उठले होते की!"
आणि पुन्हा पहिल्या चालीपासून बसला,
मला न विचारता,
चहा निवत ठेवून.