विराम, अकरा सेकंद

डेरी शहरात, दर गुरुवारी, चर्चमागच्या हॉलमध्ये
वजनाचा काटा मांडतात.
बायका रांगेत बूट उतरवतात, मग कोट,
मग घड्याळ, कानातले.
एकीने परवा चष्मासुद्धा काढला
आणि आकडा शेजारणीला वाचून दाखवावा लागला.
मी कोपऱ्यात. वहीत: देहावर स्वतःचीच पाळत.
खाली दोन रेघा.

कन्सेप्टा डॉहर्टी, वय एकाहत्तर,
मुलाखत क्रमांक सतरा, तिच्याच स्वयंपाकघरात.
एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात. नुसत्या कॉलरी.
"रस्त्यावरच्या कुठल्याही बाप्याचा गळा
मी नजरेनं मापते. साडेपंधरा. सोळा.
हा बघ पोस्टमन, सतरा, पण कबूल करायचा नाही.
माझं माप तेवढं
दुसऱ्या कुणी सांगावं लागतं."

आईबद्दल विचारलं.
"नऊ पोरं. आई उभ्यानं जेवायची,
आमच्याकडे पाठ करून, पातेल्याची खरवड.
आम्हाला वाटायचं, तिला खरवडच आवडते.
ती गेली तेव्हा पेटी उचलणारे म्हणाले, हलकी आहे.
कौतुकानं म्हणाले गं.
हॉलमध्ये टाळ्या वाजवतात ना, तसं."

मी लिहिलं: पिढ्या.
मग खोडलं.

तिने सोडा-ब्रेड कापला, वर लोणी, बोटभर जाड,
बशी माझ्याकडे सरकवली
आणि रेकॉर्डरचा लाल दिवा चालू असताना
भलतंच विचारलं:
"आणि तू, पोरी? आज काय खाल्लंस?"

नीतिसमितीने तपासलेल्या बावीस प्रश्नांत
हा प्रश्न नव्हता.
अर्धं सफरचंद. काळी कॉफी.
उरलेलं अर्धं कोटाच्या खिशात, रुमालात,
एव्हाना काळं पडलेलं.

मुलाखत उतरवून काढताना मी टंकलं:
[विराम, अकरा सेकंद]
मार्गदर्शक बाईंनी समासात विचारलं, विराम कोणाचा?
मी लिहिलं, उत्तरदात्रीचा.
मीच, जी प्रत्येकीला सुरुवातीला सांगते
की इथे चूक-बरोबर काही नसतं,
फक्त खरं बोला.

काल रात्री ते अकरा सेकंद पुन्हा ऐकले,
आवाज पूर्ण वाढवून.
सुरी बशीवर टेकल्याचा.
बाहेर कुणाचं तरी कुत्रं.
नवव्या सेकंदाला माझं पोट बोललं,
स्पष्ट, जवळजवळ शब्दांत,
आणि बाराव्याला कन्सेप्टा:
"ऐकलं मी. घे आता. अंगी लागू दे."

अंगी लागू दे.
त्या हॉलमध्ये ही शिवी ठरली असती.

पुढे बराच वेळ कुणीच बोलत नाही.
चावण्याचा आवाज येतो,
एकीचा की दोघींचा,
ते मी अजून टंकलेलं नाही.